मनोऱ्यावरचा कान : रिपीटरच्या अँटेनाविषयी



सुवर्णमहोत्सवाच्या पंक्तीत साहित्य-संगीताच्या जोडीने आमच्या लोखंडी मनोऱ्यालाही पाट मांडलात, याबद्दल प्रथम आपले आभार. आम्ही हौशी रेडिओवाले; शासनाची परीक्षा देऊन, परवाना घेऊन बिनतारी संभाषण करतो. एरवी त्यात गप्पाच अधिक, हे मान्य. परंतु २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हौशी संचालिका पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या, आणि अंदमान-निकोबारमधील माणसांची खुशाली त्यांच्या संचावरून मुख्य भूमीवर पोहोचली. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या खुशालीचे मोल सांगावयास नको.

तो संपर्क दूर पल्ल्याच्या लघुलहरींवरचा होता. शहर-जिल्ह्यापुरते हेच काम हातातल्या चार-पाच वॉटच्या संचावर करावयाचे, तर उंचावर रिपीटर हवा. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर तेच मोठ्याने बोलतो. दोन मीटरच्या पट्ट्यात या दोहोंतील अंतर अवघे ६०० किलोहर्ट्झ, आणि बहुधा अँटेना एकच. स्वतः ओरडत असताना कोपऱ्यातली कुजबुज ऐकण्यासारखाच हा प्रकार. डुप्लेक्सर नावाच्या धातूच्या पोकळ नळ्या ते साधतात. पण अँटेना वाईट असेल, तर त्यांनाही यश येत नाही.

निवडीचा विचार उंचीपासून करावा. मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. बंगळूरकरांच्या परिचयाचे नंदी पर्वताचेच उदाहरण घेऊ. त्याचा माथा समुद्रसपाटीपासून १४७८ मीटर, म्हणजे भोवतालच्या पठारापेक्षा सुमारे साडेपाचशे मीटर उंच. तेथे अँटेना उभा केला असे मानले, तर क्षितिज ९५ किलोमीटरच्या पलीकडे जाते. पन्नासएक किलोमीटरवरचे बंगळूर त्याला एक अंशही खाली दिसत नाही. परंतु पायथ्याचे, भोगनंदीश्वराच्या देवळाचे नंदी गाव दहा अंशांहून अधिक खाली आहे.

आता गंमत पाहा. अँटेना शक्ती निर्माण करीत नाही. आहे तीच एका दिशेला गोळा करतो. चार द्विध्रुव एकावर एक रचलेल्या अँटेनाचा झोत चपटा होतो, आणि मध्यरेषेखाली सुमारे आठ अंशांवरच शक्ती निम्मी होते. जवळ असल्यामुळे नंदी गावाचे उघड्यावर भागेल, पण घरात बसून बोलणाऱ्याच्या वाट्याला कदाचित खरखरच येईल. म्हणून उंच डोंगरावर मध्यम लब्धीचा, किंवा झोत किंचित खाली झुकविलेला अँटेना आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो. सपाट मुलखातल्या ठेंगण्या मनोऱ्यावर मात्र चपटा झोत उपकारक ठरतो. जाहिरातीतला डेसिबलचा आकडा वाचताना तो कशाच्या तुलनेत दिला आहे, हे जरूर विचारावे. द्विध्रुवाऐवजी काल्पनिक बिंदूशी तुलना केली की आकडा आपोआप २.१५ ने फुगतो.

मनोऱ्याचे शेंडे बहुधा कोणीतरी आधीच पटकाविलेले असते. मग अँटेना बाजूला आडव्या दांडीवर बसवावा लागतो, आणि मनोऱ्याचे लोखंडही प्रक्षेपणात भाग घेऊ लागते. त्याच्या सावलीत एखादी दिशा दुबळी होते, दुसरी बळावते. तेव्हा वस्ती कोणत्या बाजूला आहे हे नकाशावर पाहूनच बाजू ठरवावी, आणि दांडी दोन मीटरच्या एका तरंगलांबीइतकी तरी लांब असावी. उघडे द्विध्रुव एका रांगेत लावले तर त्या दिशेला जोर मिळतो. चारी बाजूंना फिरवून लावले तर सर्वत्र जवळपास सारखा.

काटकसर केबलमध्ये करू नये. साठ मीटर लांबीच्या साध्या आरजी-२१३ केबलमधून दहा वॉटपैकी जेमतेम तीन वर पोहोचतात. अर्धा इंची सलग तांब्याच्या आवरणाच्या केबलमधून साडेसहा-सात. पातळ पत्रा आणि जाळी अशा दुहेरी आवरणाची केबल इतरत्र उत्तम, पण रिपीटरला ती नको, कारण दोन धातूंच्या घर्षणातून खरखर उठते. गंजलेला नटबोल्टही तेच करतो. प्रक्षेपक सुरू झाला की तो गंज स्वतःचाच गोंगाट निर्माण करून श्रवणयंत्राला बहिरे करतो. सबब क्लॅम्प जस्ताचा थर दिलेले आणि बोल्ट स्टेनलेसचे असावेत.

पाऊस आणि वीज हे दोन शत्रू उरले. प्रत्येक जोडावर आधी चिकट रबरी पट्टी, वर प्लास्टिकची पट्टी, आणि तीही खालून वर गुंडाळलेली, म्हणजे पाणी कौलांवरून ओघळावे तसे ओघळते. खोलीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा. केबलचे आवरण वरच्या टोकाला, मनोऱ्याच्या पायाशी आणि खोलीच्या तोंडाशी असे तीन ठिकाणी जमिनीशी जोडावे. खोलीतील व मनोऱ्याची अर्थिंग निराळी न ठेवता परस्परांस बांधून टाकावी.

आणि मनोऱ्यावर चढणारा कधीही एकटा नसावा. कमरेला नव्हे, सर्वांगाला बांधायचा पट्टा, खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर शिरस्त्राण, आणि प्रक्षेपक बंद करून त्याची किल्ली चढणाऱ्याच्याच खिशात, एवढे झाल्याशिवाय आमच्यापैकी कोणी पहिल्या पायरीवर पाय ठेवीत नाही. हे काम पावसाळ्यापूर्वी, वैशाखातच उरकून घेतो. येत्या वैशाखात ज्या तरुणांना खाली उभे राहून दोर धरावयाचा असेल, त्यांनी आपली नावे मंडळाच्या कार्यालयात द्यावीत.