दहावीनंतरची वाट
(एव्हरशाईन सिटी, वसई येथील पालकसभेतील भाषण)



दहावीनंतर शिकणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी व्यवसायशिक्षण घ्यावे, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सुचविले. १९७५ मध्ये महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी परीक्षा झाली. आकृतिबंध आला; ती शिफारस मागेच राहिली.

त्याची झळ कोणाला लागते? शिकलेल्या घरात मुलाचा मार्ग निकालाआधीच ठरलेला असतो. ज्या घरचे आईबाप पहाटे वसई रोडहून लोकल गाठतात नि रात्री परततात, तेथे शेजारचा मुलगा गेला तिकडेच आपलाही जातो. दोघांच्या बुद्धीत फरक नसतो. फरक माहितीचा आणि सवडीचा असतो. त्यालाच पुढे ‘गुणवत्ता’ म्हटले जाते.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतनासह कारखान्यात शिकता येते. २०२४ साली राज्य शासनाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मागास व आर्थिक दुर्बल घटकांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. पण दाखला वेळेवर निघाला नाही, तर हा हक्क हातचा जातो.

म्हणून कार्यकर्त्यांनी निकालाची वाट पाहू नये. नववीतच मुले व पालक यांना एकत्र बसवावे. दाखले, मुदती आणि खर्च यांचा तक्ता करून द्यावा. आणि सर्वांत आधी मुलाला काय आवडते, ते विचारावे. कायद्यातला हक्क दारापर्यंत पोचविणे, हेही चळवळीचेच काम आहे.