मिरजेत स्वागत

हाडांच्या कर्करोगात पाय न कापता बसवलेल्या कृत्रिम सांध्यांची मुलांमध्ये होणारी गुंतागुंत प्रतिमातपासणीतून वेळीच ओळखणे, हा या परिषदेचा विषय. तिचे यजमानपद मिरजेला लाभले, याचा गावाला अभिमान आहे. सन्माननीय अध्यक्ष, निमंत्रित तज्ज्ञ आणि प्रतिनिधी यांचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत.

मिरज ही रुग्णांची आणि गाण्याची नगरी. सर विल्यम वॉन्लेस यांचे मिशन हॉस्पिटल येथे १८९४ मध्ये उभे राहिले. फरीदसाहेब शिकलगार हत्यारे घडवणे सोडून तंतुवाद्यांकडे वळले; आजही सतारमेकर गल्लीत वाळलेल्या भोपळ्याचा तंबोरा घडतो आणि त्याची जवारी कानानेच लागते. पण मिरजेने विशेष आठवावे ते डॉ. भडभडे यांना. फटाक्याने डोळे गमावू लागलेला कुरुंदवाडचा मुलगा त्यांच्याकडे उपचारांना आला. दृष्टी सावरली नाही, पण मुलाचा गळा डॉक्टरांनी हेरला आणि तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. तोच विष्णु दिगंबर पलुसकर. लाहोरचे गांधर्व महाविद्यालय त्यांनी १९०१ मध्ये स्थापन केले. उपचारांनंतर मुलाच्या आयुष्याचे काय, हा प्रश्न मिरजेच्या वैद्यकाला जुनाच आहे.

परिषदेपुढेही तोच प्रश्न आहे. ऑस्टिओसार्कोमा हा हाडांचा कर्करोग बहुधा गुडघ्याजवळ होतो. मूल वाढते, धातू वाढत नाही. म्हणून लांबवता येणारा सांधा बसवतात. पुढे तो कधी सैल होतो, कधी मोडतो, कधी त्यात जंतुसंसर्ग होतो, क्वचित गाठही परत येते. एक्स-रेमध्ये हाड आणि सांधा पक्का करणारे सिमेंट यांच्यामधली काळी रेघ फिल्मगणिक रुंदावत असेल, तर सांधा सैल झाल्याची शंका घ्यावी लागते. त्यासाठी जुनी फिल्म शेजारी हवीच. एमआरआयमध्ये धातूभोवतीचे चित्र विस्कटते, तिथे साचलेला द्रव पाहायला सोनोग्राफी कामी येते.

मिरजेत खोल्या अपुऱ्या पडल्याने काही प्रतिनिधींना सांगलीत उतरावे लागले. भोजनाच्या पंगतीही दोनदा बसतील. या उणिवांबद्दल समिती क्षमा मागते. सभागृह देणारी संस्था, धान्य आणि तेल पुरवणारे मार्केट यार्डातील व्यापारी, देणगी देणारे डॉक्टर, औषधविक्रेते आणि वाद्यकारागीर, रात्रंदिवस राबलेले विद्यार्थी, परिचारिका आणि आचारी या सर्वांची समिती ऋणी आहे.

शस्त्रक्रियेनंतरची पहिली फिल्म प्रत्येक मुलाच्या पालकांच्या हाती द्यावी, असा ठराव या परिषदेने करावा, ही मिरजकरांची विनंती.