घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे
(केडगाव येथील आरोग्यविषयक भाषणाचा सारांश)



“दमून आलाय, बघा कसा घोरतोय,” असे आपण कौतुकाने म्हणतो. पण घोरणे मधेच थांबत असेल आणि माणूस धाप लागून दचकत असेल, तर ती गाढ झोप नव्हे. संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले: ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया.

तपासणीच्या कागदावरील शब्दांना घाबरू नका. ‘अ‍ॅप्निया’ म्हणजे झोपेत श्वास किमान १० सेकंद थांबणे. ‘हायपॉप्निया’ म्हणजे तो उथळ होणे. ‘एएचआय’ म्हणजे तासाभरात असे किती वेळा झाले तो आकडा: ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, पुढे तीव्र. ‘सीपॅप’ हे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र. ऑस्ट्रेलियात डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार १९८१ मध्ये मांडला. यंत्र रोज रात्री लावले तरच गुण येतो.

सोलापूर रस्त्यावर रात्री उसाचा ट्रक चालवणाऱ्याला एक डुलकीही महागात पडते. वाडीवरच्या मजुराचे दिवसा पेंगणे आपण आळस समजतो. कधी तो आजार असतो.

झोपलेल्याला स्वतःचा थांबलेला श्वास कळत नाही. म्हणून आज रात्री घरच्या माणसाचा श्वास ऐका आणि शंका आली तर त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा.