मोरिस रिशार : माँट्रिऑलकरांच्या आठवणीतला नऊ नंबर

मोरिस रिशार हा कॅनडातील माँट्रिऑल शहराचा आइस हॉकीपटू. १९४२ ते १९६० अशी अठरा वर्षे तो ‘माँट्रिऑल कॅनेडियन्स’ या आपल्याच गावच्या संघाकडून खेळला. त्याच्या वेगामुळे त्याला ‘रॉकेट’ म्हणत. २७ मे २००० रोजी तो वारला, तेव्हा त्याला खेळ सोडून चाळीस वर्षे होत आली होती. तरीही त्याच्या अंत्यदर्शनासाठी एक लाख पंधरा हजारांहून अधिक माणसे रांगेत उभी राहिली. त्यांपैकी अनेकांनी त्याला खेळताना पाहिलेलेच नव्हते. त्यांनी त्याच्याबद्दल घरात ऐकले होते. चाहत्यांची आठवण एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी जाते, याचे रिशार हे ठळक उदाहरण आहे.

आइस हॉकी बंदिस्त बर्फाच्या मैदानावर खेळतात. प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावर धावतात आणि काठीने एक टणक रबरी चकती विरुद्ध गोलात मारतात. या चकतीला ‘पक’ म्हणतात. वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत सामना होतो. अंगाला अंग भिडवून अडवण्याची मुभा असल्याने हा खेळ जितका वेगवान तितकाच धसमुसळा आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात हिवाळा लांबतो, नद्या गोठतात, घरामागच्या अंगणात पाणी सोडले की रात्रीतून त्याचे मैदान होते. त्यामुळे हा खेळ तिथे घरोघरी पोचलेला आहे.

रिशारचा जन्म ४ ऑगस्ट १९२१ रोजी माँट्रिऑलमध्ये झाला. आठ भावंडांत तो थोरला. वडील सुतार होते आणि ‘कॅनेडियन पॅसिफिक’ या रेल्वे कंपनीत काम करत. शहराच्या उत्तरेकडील बोर्दो या वस्तीत हे कुटुंब राहत असे. जवळूनच वाहणाऱ्या नदीच्या गोठलेल्या पात्रावर रिशार खेळ शिकला. पुढे तो यंत्रकाम शिकला आणि कारखान्यात कामाला लागला. घरची भाषा फ्रेंच. मोठ्या संघात आला तेव्हा त्याला इंग्रजी फारसे येत नव्हते. कामगाराच्या घरातला, आपली भाषा बोलणारा, आपल्याच नदीवर घडलेला मुलगा ही त्याची ओळख चाहत्यांच्या मनात सगळ्यात आधीची आहे आणि सगळ्यात टिकाऊही.

सुरुवात मात्र आशादायक नव्हती. मोठ्या संघात येण्यापूर्वीच त्याचा घोटा आणि मनगट मोडले होते. १९४२ मध्ये कॅनेडियन्सकडून पहिल्याच हंगामात, सोळाव्या सामन्यात, त्याचा पाय पुन्हा मोडला. जुन्या मोडतोडीमुळे सैन्यानेही त्याला भरती करून घेतले नाही. हा मुलगा नाजूक आहे, टिकणार नाही, असे बोलले जाऊ लागले. पुढच्या हंगामात तो परतला. त्याच सुमारास त्याला मुलगी झाली. जन्मतः तिचे वजन नऊ पौंड होते, म्हणून त्याने पाठीवर नऊ नंबर मागून घेतला. एका बापाने लेकीच्या वजनावरून घेतलेला हा आकडा पुढे साऱ्या प्रांताच्या ओळखीचा झाला.

चाहत्यांच्या आठवणींचा पाया घातला तो रेडिओने. कॅनडात दूरचित्रवाणी आली १९५२ मध्ये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात माँट्रिऑलच्या फोरम या क्रीडागृहातून हॉकीचा सामना पहिल्यांदा पडद्यावर दिसला. म्हणजे रिशारची पहिली दहा वर्षे बहुतेक लोकांनी कानांनीच पाहिली. शनिवारी रात्री खेड्यापाड्यांत, बाहेर बर्फ पडत असताना, घरातली माणसे रेडिओपाशी बसत. निवेदक फ्रेंचमध्ये रिशारचे नाव घेई, आवाज चढत जाई आणि गोल झाला की स्वयंपाकघरातही कळे. दुसऱ्या दिवशी तीच चाल पोरे गोठलेल्या डबक्यावर करून पाहत. फोरमचे तिकीट ज्यांना आयुष्यात परवडले नाही, त्यांनाही रिशार आपल्या घरातलाच वाटे, तो यामुळे.

ऐकलेल्या आणि पाहिलेल्या सामन्यांपैकी काही रात्री चाहत्यांच्या बोलण्यात वारंवार येतात. पहिली रात्र २३ मार्च १९४४ ची. टोरँटोविरुद्धचा सामना कॅनेडियन्सनी ५–१ असा जिंकला आणि पाचही गोल रिशारचे होते. सामना संपल्यावर सर्वोत्तम तीन खेळाडू जाहीर करण्याची रीत आहे. त्या रात्री पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर एकच नाव घेतले गेले.

दुसरी रात्र २८ डिसेंबर १९४४ ची. त्या दिवशी रिशारने बिऱ्हाड बदलले होते. दिवसभर सामान वाहून तो थकला होता आणि तसे त्याने सांगितलेही होते. तरीही डेट्रॉइटविरुद्ध त्याने पाच गोल केले आणि आणखी तीन गोलांना साथ दिली. गोल आणि साथ मिळून एका सामन्यात आठ गुण हा तेव्हाचा विक्रम होता. हमाली करून आलेला माणूस असा खेळला, ही गोष्ट कष्टकरी वस्तीत गोलांच्या आकड्यापेक्षा जास्त सांगितली गेली.

त्याच १९४४–४५ च्या हंगामात त्याने ५० सामन्यांत ५० गोल केले. एका हंगामात ५० गोल तोवर कोणीही केले नव्हते. ५० सामन्यांत ५० गोलांशी बरोबरी व्हायला १९८१ साल उजाडावे लागले. ती केली माइक बॉसीने.

तिसरी रात्र ८ एप्रिल १९५२ ची. बॉस्टनविरुद्ध बाद फेरीच्या मालिकेतला निर्णायक सातवा सामना होता. टक्कर बसून रिशार बर्फावर कोसळला, बेशुद्ध झाला. कपाळ फाटले होते. टाके घालून तो शेवटच्या भागात परत आला. बरोबरी असताना त्याने चकती घेतली, विरुद्ध बाजूच्या खेळाडूंना चुकवत तो गोलापर्यंत गेला आणि विजयी गोल केला. सामन्यानंतरचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. रिशारच्या कपाळाला पट्टी आहे, चेहऱ्यावर रक्त आहे. समोर बॉस्टनचा गोलरक्षक जिम हेन्री आहे. त्याचेही डोळे मार लागून काळे पडले आहेत आणि हस्तांदोलन करताना तो किंचित वाकला आहे. हरलेल्याने जिंकलेल्याला दिलेला मान त्या चित्रात दिसतो.

रिशारचा राग हाही आठवणींचा मोठा भाग आहे. डावखुरा असून तो उजव्या बाजूने खेळे. गोलाकडे येताना त्याचे डोळे पेटलेले असत, असे त्याच्यासमोर उभे राहिलेले गोलरक्षक सांगत. त्याला रोखण्यासाठी विरोधी संघ त्याला डिवचत, काठीने मारत, आणि तो उलटून मारी. दंड त्यालाच जास्त होई, अशी चाहत्यांची तक्रार होती. या तक्रारीमागे खेळापलीकडचे कारण होते. क्वेबेकमध्ये फ्रेंच भाषक बहुसंख्य, पण माँट्रिऑलमधले मोठे उद्योग, बँका आणि वरिष्ठ पदे प्रामुख्याने इंग्रजी भाषकांच्या हाती होती. कारखान्यात फोरमन इंग्रजीत हुकूम देई आणि फ्रेंच कामगार तो पाळी. कॅनेडियन्स ज्या हॉकी लीगमध्ये खेळत, तिचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्पबेल हेही इंग्रजी भाषक. १९५४ मध्ये एका फ्रेंच साप्ताहिकातील सदरात रिशारच्या नावाने त्यांच्यावर टीका छापून आली, तेव्हा त्याला माफी मागावी लागली आणि सदर बंद करावे लागले. ज्यांना स्वतःला रोज गप्प बसावे लागे, त्यांना ही गोष्ट लागली.

ठिणगी पडली १३ मार्च १९५५ ला. बॉस्टनमधील सामन्यात हाल लेको या खेळाडूच्या काठीने रिशारचे डोके फुटले. रिशारने त्याच्यावर काठीने वार केले आणि आवरायला आलेल्या पंचालाही ठोसे मारले. गुन्हा गंभीर होता, यात शंका नाही. १६ मार्चला कॅम्पबेल यांनी निकाल दिला : हंगामातले उरलेले तीन सामने आणि त्यानंतरची संपूर्ण बाद फेरी रिशारला बंद. तेव्हा गुणांच्या यादीत तो सर्वांत वर होता. कारकिर्दीत कधीच न मिळालेला हा मान हातातोंडाशी आला होता.

१७ मार्चला फोरममध्ये डेट्रॉइटविरुद्ध सामना होता. कॅम्पबेल प्रेक्षकांत येऊन बसले. त्यांच्यावर टोमॅटो आणि अंडी भिरकावली गेली. पहिला भाग संपताना कॅनेडियन्स १–४ असे मागे होते. तेवढ्यात अश्रुधुराचे नळकांडे फुटले आणि क्रीडागृह रिकामे करावे लागले. सामना डेट्रॉइटला बहाल झाला. बाहेर सेंट कॅथरीन रस्त्यावर जमाव उसळला, दुकानांच्या काचा फुटल्या, लुटालूट झाली. नुकसान सुमारे एक लाख डॉलरांचे होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिशारला रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर आणण्यात आले. आधी फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत तो थोडेच बोलला. आणखी नुकसान करू नका, संघाच्या पाठीशी उभे राहा, मी शिक्षा भोगेन आणि पुढच्या वर्षी परत येऊन लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनले कप जिंकायला मदत करीन, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. शहर शांत झाले. ज्या माध्यमातून लोकांनी त्याचे गोल ऐकले होते, त्याच माध्यमातून त्यांनी त्याचा आवाज ऐकला आणि मानला. काही दिवसांनी आंद्रे लोराँदो या संपादकांनी ‘ल दव्वार’ या फ्रेंच दैनिकात या प्रसंगावर लेख लिहिला. त्याच्या मथळ्यात रिशारला ‘माझा भाऊ’ म्हटले होते. चाहत्यांची भावना याहून कमी शब्दांत मांडता येणार नाही. १७ मार्चच्या त्या रात्रीला अनेक इतिहासकार १९६० नंतरच्या क्वेबेकमधील ‘शांत क्रांती’ या सामाजिक-राजकीय परिवर्तनाची पूर्वखूण मानतात. एका खेळाडूच्या शिक्षेतून एवढा मोठा बदल झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र साचलेली नाराजी त्या रात्री सर्वांना उघड दिसली.

त्या वर्षी गुणांचा मान बर्नार जॉफ्रियाँ या त्याच्याच सहकाऱ्याने एका गुणाने मिळवला आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. चाहत्यांच्या प्रेमाचा हा अन्यायी भाग आहे. कपही डेट्रॉइटकडे गेला. पुढच्या वर्षी मात्र रिशारने शब्द पाळला. १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे कॅनेडियन्सनी स्टॅनले कप जिंकला. यातल्या अखेरच्या चार वर्षांत रिशार कर्णधार होता. १९ ऑक्टोबर १९५७ रोजी त्याने पाचशेवा गोल केला. ५०० गोलांपर्यंत पोचलेला तो पहिला खेळाडू. धाकटा भाऊ आँरीही याच काळात त्याच्या शेजारी खेळत होता. सप्टेंबर १९६० मध्ये रिशार निवृत्त झाला. ९७८ सामने, ५४४ गोल आणि आठ स्टॅनले कप ही त्याची कमाई. त्याच्यानंतर कॅनेडियन्सनी नऊ नंबर कोणालाही दिला नाही.

निवृत्तीनंतर तो माँट्रिऑलमध्येच राहिला. मासेमारीच्या सामानाचा छोटा धंदा त्याने केला, वर्तमानपत्रात सदर लिहिले, जुन्या खेळाडूंच्या सामन्यांत पंचाचे काम केले. तो भेटण्याजोगा, दिसण्याजोगा राहिला आणि त्यामुळे त्याच्याबद्दलचा जिव्हाळा आटला नाही.

साहित्यानेही ही आठवण जपली. रोक कारिए या लेखकाची हॉकीच्या स्वेटरवरची कथा १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. खेड्यातली सगळी मुले रिशारचा नऊ नंबरचा स्वेटर घालून खेळतात. एका मुलाची आई टपालाने नवा स्वेटर मागवते आणि चुकून टोरँटोचा येतो. त्या मुलाची झालेली फजिती हा कथेचा विषय आहे. पुढे तिच्यावर चित्रपट झाला, आणि कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवर या कथेतला उतारा आणि बर्फावर खेळणारी मुले आली. फ्रेंच खेड्यातल्या बालपणाची आठवण अशी साऱ्या देशाच्या खिशात गेली.

११ मार्च १९९६ रोजी फोरममधला अखेरचा सामना झाला. जुन्या खेळाडूंना एकेक करून बर्फावर बोलावले. रिशारचे नाव पुकारले आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेनात. त्याने हात वर करून थांबण्याची विनंती केली, तसा आवाज आणखी वाढला. सात मिनिटांहून अधिक काळ लोक उभे होते आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा रिशार डोळे पुसत होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याच्या निवृत्तीनंतर जन्मलेले हजारो जण होते. आजोबांनी आणि वडिलांनी रेडिओवर ऐकलेल्या गोलांना ते दाद देत होते.

चार वर्षांनी, ३१ मे २००० रोजी, माँट्रिऑलच्या नोत्र-दाम बॅसिलिकामध्ये त्याला शासकीय इतमामात निरोप देण्यात आला. जुन्या सहकाऱ्यांनी शवपेटीला साथ दिली. अंत्ययात्रेच्या वाटेवर दुतर्फा लोक उभे होते.

लीगमध्ये हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला १९९९ पासून मोरिस रिशारच्या नावाचा चषक दिला जातो. शहराच्या पूर्व भागात त्याच्या नावाचे बर्फाचे मैदान आहे. बाहेर त्याचा पुतळा आहे आणि आत आजही मुले स्केटिंग शिकतात. त्याचे बहुतेक विक्रम केव्हाच मोडले गेले. माँट्रिऑलच्या चाहत्यांनी मात्र त्याला विक्रमांसाठी लक्षात ठेवलेलेच नाही. आपल्यातला एक मुलगा आपल्या वतीने खेळला आणि कधी वाकला नाही, म्हणून त्यांनी त्याला लक्षात ठेवले.