फीसाठीही एक वाटा

सनाबिसमध्ये जमून आपण गावाकडच्या संस्थांसाठी निधी उभा करतो. वर्गखोलीला, रुग्णवाहिकेला देणगी लगेच मिळते. संस्था चालवायला शिकणाऱ्याला मात्र कुणी देत नाही. (पाटीवर नाव लागत नाही ना!) मग संस्थापक थकले की संस्थाही थकते. हिशेब, परवाने, माणसं सांभाळणं हे शिकावंच लागतं. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा काढली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिचं आवार आपल्या तुळजापुरातही आहे. पुण्यात १९६३ पासून कर्वे समाज सेवा संस्था आहे. यंदाच्या निधीतून अशा एका विद्यार्थ्याची दोन वर्षांची फी भरावी, असं आम्ही सुचवतो. बोला, मंजूर?