पोर्चमधला रोमन पिलर

नागपुरात सक्करदऱ्याच्या आसपास कुठल्याही ले-आउटमधून चक्कर मारा, नव्या बंगल्याच्या पोर्चला ‘रोमन पिलर’ हमखास दिसतो. आत सळया आणि काँक्रीट, वरून साच्यात ओतलेली नक्षी, माथ्यावर बाहेर वळलेली पानं आणि हौस असली तर त्यांवर सोनेरी रंग.

ती पानं अकँथस नावाच्या झुडपाची. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस त्यांची कथा सांगतो. कोरिंथमधल्या एका मुलीच्या थडग्यावर दाईनं तिची टोपली ठेवली, वर कौल झाकलं. खालून उगवलेल्या अकँथसनं टोपली वेढली, आणि ते पाहून कॅलिमॅकस या शिल्पकाराला खांबाचा माथा सुचला. खरं-खोटं तो जाणे. गोष्ट मात्र छान रचली आहे.

डोरिक, आयोनिक आणि पानांच्या माथ्याचा हा कोरिंथियन, हे खांबांचे तीन प्रकार रोमनांनी ग्रीकांकडून घेतले. साधासुधा टस्कन आणि मिश्र घडणीचा कॉम्पोझिट ही त्यांची भर. सगळी मदार मापावर: बुडाशी खांब जितका जाड, त्याच्या किती पट उंच? १५६२ मध्ये इटलीच्या व्हिन्योलानं हा हिशेब पुस्तकात बसवला. टस्कन ७ पट, डोरिक ८, आयोनिक ९, कोरिंथियन आणि कॉम्पोझिट १०. असा तयार हिशेब हाती आल्यावर खांब देशोदेशी पोचले. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल बाहेरून टस्कन, आतून कोरिंथियन आहे. मुंबईच्या १८३३च्या टाउन हॉलपुढे डोरिक खांबांची रांग उभी आहे. आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं हायकोर्ट, १०९ फूट उंच घुमटाचं, याच परंपरेतलं. हेन्री मेड यांनी आखलेली ही इमारत १९४० मध्ये खुली झाली.

पोर्चमधला खांब नुसता शोभेचा, अशी नाकं मुरडण्यात अर्थ नाही. रोमच्या कलोसियमवर खाली टस्कन, मग आयोनिक, वर कोरिंथियन असे अर्धखांब आहेत; मुख्य भार मात्र मागच्या भिंती आणि कमानी पेलतात. शोभेचे खांब रोमनांनीच लावले.

आपल्याकडे घोळ होतो तो मापात. नऊ इंची खांब बारा फूट ताणला की सोळा पट होतो, आणि पानं कितीही सुबक असली तरी तो काडीसारखा दिसतो. दहा फुटी खांबाला कोरिंथियन पानं हवी असतील तर बुडाशी एक फूट जाडी ठेवा. टस्कन हवा असेल तर साधारण सतरा इंच. साचा ठरवण्याआधी ठेकेदाराला एवढं जरूर सांगा.