डी. एच. लॉरेन्स : शृंगार, समीक्षा आणि समाज
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या शताब्दीला ज्ञानेश्वर-तुकारामांचे स्मरण करावे, हे रीतीला धरून झाले असते. आजच्या भाषणाचा विषय मात्र एक असा इंग्रज लेखक आहे, की ज्याच्या एका कादंबरीच्या प्रती न्यायालयाच्या हुकमाने नष्ट करण्यात आल्या आणि दुसरी त्याच्या मायदेशी तीस वर्षांहून अधिक काळ संपूर्ण स्वरूपात उघडपणे विकता आली नाही. कोणते पुस्तक घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हा प्रश्न ज्या संस्थेपुढे नित्य उभा राहतो, तिने डेव्हिड हर्बर्ट लॉरेन्सचे म्हणणे एकदा तरी ऐकून घ्यावयास हवे.

लॉरेन्सचा जन्म १८८५ साली नॉटिंगहॅमशायरमधील ईस्टवुड या गावी झाला. वडील कोळशाच्या खाणीत कामगार होते. 'द रेनबो' ही त्याची कादंबरी १९१५ साली जप्त होऊन नष्ट झाली. 'लेडी चॅटर्लीज लव्हर' त्याने १९२८ साली फ्लॉरेन्स येथे खाजगी रीतीने छापून घेतली. पुढल्याच वर्षी लंडनमधील प्रदर्शनातून पोलिसांनी त्याची तेरा चित्रे उचलून नेली. २ मार्च १९३० रोजी तो क्षयाने वारला. वय अवघे चव्वेचाळीस. शृंगार, समीक्षा आणि समाज यांविषयीचे त्याचे महत्त्वाचे निबंध बव्हंशी या अखेरच्या दोन वर्षांतले आहेत.

१९२९ सालच्या अश्लीलतेवरील निबंधात त्याने एक अनपेक्षित भूमिका घेतली. खऱ्या बीभत्स साहित्यावर बंदी असावी, असे तो स्वतःच म्हणतो. ते ओळखावयाचे कसे? जे साहित्य कामभावनेचा अपमान करते, तिला ओंगळ ठरवते, ते बीभत्स. या कसोटीने बोकाचिओच्या मोकळ्या कथा त्याला निरोगी वाटतात, तर सभ्य म्हणून गाजलेल्या 'जेन एअर'मध्ये त्याला दडपलेल्या वासनेचा वास येतो. त्याच्या मते या रोगाचे मूळ गुप्ततेत आहे. जी गोष्ट झाकली जाते, तीच कुजते.

हा विचार त्याच्या समाजचिंतनापासून निराळा काढता येत नाही. खाणमालकांनी कामगारांना मजुरी दिली, परंतु त्यांच्या वाट्याला कुरूप घरे, कुरूप गावे आणि कुरूप जीवन आले, ही त्याची मूळ तक्रार होती. माणसाला भाकरीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, सौंदर्याची भूक असते, असे तो मानीत असे. चॅटर्लीची कथा याच भुकेची आहे. महायुद्धात जायबंदी झालेला खाणमालक, त्याची एकाकी पत्नी आणि इस्टेटीवरील रानाचा रखवालदार या तिघांच्या संबंधांत यंत्र, पैसा आणि वर्ग यांनी गोठलेले माणूसपण त्याला दाखवावयाचे होते.

समीक्षेविषयी त्याची मते तितकीच रोखठोक आहेत. गॉल्सवर्दीवरील १९२८ सालच्या लेखात तो म्हणतो की, ग्रंथाने मनावर केलेल्या परिणामाचा विचारपूर्वक दिलेला हिशेब म्हणजे समीक्षा. त्यासाठी समीक्षक भावनेने जिवंत, बुद्धीने समर्थ आणि मनाने प्रामाणिक असावा लागतो. त्याआधी १९२३ साली अमेरिकन साहित्यावरील ग्रंथात त्याने बजावले होते की, विश्वास लेखकावर ठेवू नये, कथेवर ठेवावा. या वचनाचा आघात एके दिवशी आपल्यावरही होईल, याची पर्वा त्याने केली नाही.

तो आघात झालाच. पण आधी पुस्तक उघड व्हावे लागले. १९६० साली पेंग्विनवरील खटल्यात सरकारी वकिलाने ज्यूरीला विचारले, की हे पुस्तक आपल्या पत्नीने किंवा नोकरांनी वाचावे असे आपणांस वाटेल काय? साडेतीन शिलिंगांचे पुस्तक साध्या माणसाच्या हाती पडणार, ही खरी भीती त्या प्रश्नातून बोलून गेली. बचावासाठी पस्तीस साक्षीदार उभे राहिले आणि २ नोव्हेंबर रोजी पेंग्विन निर्दोष ठरले. दहा वर्षांनी, १९७० साली, केट मिलेट या अमेरिकन लेखिकेने याच कादंबरीतील पुरुषी वर्चस्वावर नेमके बोट ठेवले. लॉरेन्सवरील ही फार कठोर टीका होय. ती कोणा जप्ती अधिकाऱ्याला सुचली नव्हती. तिच्यासाठी पुस्तक सावकाश, पुरते वाचावे लागले.

आपल्याकडे याच कादंबरीची प्रत विकल्याबद्दल मुंबईतील पुस्तकविक्रेते रणजित उदेशी व त्यांचे भागीदार यांना प्रत्येकी वीस रुपये दंड झाला. मुल्कराज आनंद यांनी बचावाच्या बाजूने साक्ष दिली होती. तरीही १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. मराठीतही याच सुमारास असा प्रसंग आला. 'रंभा' मासिकाच्या १९६२ सालच्या दिवाळी अंकातील 'श्यामा' या कथेबद्दल चंद्रकांत काकोडकर यांना उच्च न्यायालयाने पंचवीस रुपये दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑगस्ट १९६९ रोजी तो रद्द केला. कथा वाङ्मयदृष्ट्या उच्च दर्जाची नसेल, अपरिपक्व असेल. तथापि तेवढ्याने ती अश्लील ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. सुमार पुस्तक हा गुन्हा नव्हे. त्याचा न्याय करावयाचा तो समीक्षकाने, आणि समीक्षकाला निवाड्यासाठी पुस्तक हाती असावे लागते.

याचा अर्थ ग्रंथपालाने निवड करू नये, असा नाही. निधी मर्यादित, कपाटे मर्यादित. निवड ही करावीच लागते. निवडीमागचे कारण मात्र चारचौघांत सांगता आले पाहिजे. पुस्तक सुमार आहे, असे म्हणून ते नाकारणारा सभासद निदान ते वाचून आलेला असतो. पुस्तकाचे नाव ऐकूनच कानांवर हात ठेवणाऱ्याने त्या लेखकाचा पराभव केलेला नसतो. त्याला केवळ गुप्ततेचे बळ दिलेले असते.

शंभर वर्षे ज्या संस्थेने वाचकाच्या हाती पुस्तक दिले, तिने वाचकाच्या विवेकावर शंभर वर्षे विश्वास ठेवला, असाच त्याचा अर्थ होतो. तो विश्वास पुढील शतकातही अभंग राहो.